भिंगवाल्यांची सही जुळत नाही

भिंगवाल्यांची मान सोमवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आखडली. वेळ इतकी नेमकी सांगता येते याचं कारण असं, की त्यांनी ती स्वतःच हाताशी असलेल्या वहीत टिपून ठेवली. मान आखडली की कुणीही आधी ‘आई गं’ म्हणतो. भिंगवाल्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग नोंद केली आणि त्यानंतर ‘आई गं’ म्हटलं.

भिंगवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं नाव होतं, पण ते पगाराच्या यादीपुरतं. बँकेत सह्या तपासण्याच्या टेबलावर त्यांची चोवीस वर्षं गेली होती. गिऱ्हाइकानं कागदावर केलेली सही आणि खातं उघडताना कार्डावर दिलेली नमुन्याची सही शेजारी शेजारी ठेवायची, काळ्या मुठीच्या भिंगातून पाहायचं आणि ‘सही जुळते’ किंवा ‘सही जुळत नाही’ यांपैकी एक शिक्का मारायचा, एवढंच काम. पण एवढ्याशा कामातून त्यांनी अशी दहशत बसवली होती, की भली भली माणसं त्यांच्या खिडकीपाशी आली की घामाघूम होत आणि स्वतःचं नाव लिहिताना अडखळत. हात प्लास्टरमध्ये घालून आलेल्याला त्यांनी हात बरा झाल्यावर या म्हणून परत पाठवलं होतं. एक म्हातारे गृहस्थ ‘अहो, मी स्वतः तुमच्यासमोर उभा आहे ना’ म्हणत रडकुंडीला आले, तेव्हा भिंगवाले शांतपणे म्हणाले होते, “तुम्ही दिसताय. तुमची सही दिसत नाही.” त्या टेबलाची नियमावलीही त्यांनीच लिहिलेली, आणि ती त्यांना झोपेतसुद्धा पाठ होती.

अशा या माणसाला एकुलती एक लेक. वय वर्षं साडेसतरा. तिला जहाजं चालवायची होती. हे वेड तिच्या डोक्यात कुठून शिरलं कोण जाणे, कारण बापाला नदीवरच्या नावेतसुद्धा मळमळतं. पण तिनं परीक्षा दिली, हजारोंतून चाळीस जणांत नंबर लावला आणि दोन दिवसांच्या प्रवासावर असलेल्या एका बंदरातल्या शाळेत चार वर्षांसाठी जागा मिळवली. भिंगवाल्यांनी ही बातमी बँकेत सांगितली, इमारतीत सांगितली, आणि ज्यांना आधी सांगितली होती त्यांना पुन्हा सांगितली. लगोलग ते बाजारात जाऊन एक भली मोठी ट्रंक घेऊन आले. तिच्यावर लेकीचं नाव रंगवून घेतलं. कुलूप आणलं, त्याच्या तीन किल्ल्या करून घेतल्या. जायला अजून महिना होता, पण ट्रंक दिवाणखान्यात मधोमध येऊन बसली आणि घरातला प्रत्येकजण दिवसातून दोनदा तिला ठेचकाळू लागला.

राहिला होता एक कागद. मुलगी अठराच्या आतली, म्हणून अर्जात ज्याचं नाव पालक म्हणून दिलंय त्यानंच संमतीपत्रावर सही करायची, आणि सही खरी असल्याचा शिक्का त्याच्या बँकेकडून घ्यायचा, अशी शाळेची अट होती. संमतीपत्राच्या तीन कोऱ्या प्रती आल्या होत्या. पाठवायची एकच, बाकीच्या दोन चुकलंमाकलं तर म्हणून. शुक्रवारी चारच्या आत कागद कुरिअरमध्ये पडला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार. ‘चुकलंमाकलं’ हे वाचून भिंगवाल्यांना हसू आलं होतं. सही चुकणारी माणसं वेगळी आणि आपण वेगळे, असं त्यांचं जुनं मत होतं.

सोमवारी त्यांनी लेकीला बाराच्या ठोक्याला बँकेत बोलावलं. आता अधिकाऱ्यानं स्वतःची किंवा नात्यातल्या कुणाची सही स्वतः तपासू नये, हा नियम त्यांचाच. त्यामुळे तपासणी आली त्यांच्या हाताखालच्या एका तरुण बाईकडे. दोन वर्षं भिंगवाल्यांनी तिला स्वतः घडवलं होतं, आणि ती इतकी कडक तयार झाली होती की सगळी बँक तिला ‘शिष्या’च म्हणे. भिंगवाल्यांनी पेन काढलं, टोपण मागे लावलं आणि साऱ्या शाखेला दिसेल अशी सही ठोकली. त्यांची सही म्हणजे पाहण्यासारखी चीज. सुरुवातीला माशाच्या गळासारखं वळलेलं पहिलं अक्षर, वर सरळ रेघ, आणि शेवटी एक लांब शेपूट, जे मागे वळून नावाखालून पहिल्या अक्षरापर्यंत जाऊन टेकतं.

शिष्येनं भिंग घेतलं. पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाली, “सर, शेपूट मागे गेलेलं नाही. सरळ खाली पडलंय.”

भिंगवाल्यांना आधी तिचं कौतुकच वाटलं. गुरूलाही सोडत नाही म्हणजे काय. मग ते बघायला वाकले. शेपूट खरंच खाली पडलं होतं, आणि गळाचा वाकही उलगडल्यासारखा दिसत होता. याच वेळी मानेत काहीतरी कट् करून वाजलं आणि मान डाव्या खांद्याकडे कलली ती तिथेच राहिली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. शिष्येनं ‘सही जुळत नाही’चा शिक्का मारला, आणि मारताना सवयीनं दोनदा दाबला.

घरी पोचेपर्यंत डावा खांदा कानाला येऊन भिडला होता. कुणाशी बोलायचं तर भिंगवाल्यांना सबंध अंगानिशी वळावं लागे, कपाट सरकवतात तसं. बायकोनं गरम पाण्याची पिशवी दिली आणि रोज पंख्याखाली बसता त्याचं हे फळ आहे असं सांगितलं. पंख्याचा आणि सहीच्या शेपटाचा संबंध काय, हे त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, सगळ्या गोष्टींचा सगळ्या गोष्टींशी संबंध असतो, तुम्ही पिशवी धरा.

दुखणं घरात ठेवता येतं, मान घरात ठेवता येत नाही. जिन्यात ज्यानं पाहिलं त्यानं सल्ला दिला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी उशी काढून टाका म्हणून सांगितलं. त्यांच्याच यजमानांनी दोन उशा घ्या म्हणून सांगितलं, आणि मग त्या दोघांचं आपसात जुंपलं ते वेगळंच. एकानं थंड शेक सुचवला, एकानं गरम. मधला मार्ग म्हणून कुणीतरी कोमट म्हणालं. भिंगवाल्यांनी प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेतलं, कारण सल्ला ऐकायचा तर तो पुरता ऐकायचा असा त्यांचा बाणा. रात्रभरात त्यांनी सगळे अमलात आणले, आणि सकाळी उठले ते अंगावर तीन प्रकारच्या तेलांचा वास घेऊन.

मंगळवारी ते न्हाव्याकडे गेले. हा न्हावी दाढी झाल्यावर डोकं दोन्ही हातांत धरून असं काही वळवायचा, की माणसाच्या मानेतून सुपारी फुटल्याचा आवाज यायचा आणि तो खुशीत घरी जायचा. न्हावी म्हणाला, “साहेब, डोकं सैल सोडा.” भिंगवाले म्हणाले, सोडलंय. न्हावी म्हणाला, नाही सोडलं. भिंगवाल्यांनी विचारलं, डोकं कुणाचं आहे? न्हावी म्हणाला, डोकं तुमचं आहे पण वजन माझ्या हातात यायला हवं, आणि अजून काही ते आलेलं नाही. अशी पाच मिनिटं हुज्जत झाल्यावर न्हाव्यानं बोलता बोलता अचानक झटका दिला. आवाज छान आला. उठून आरशात पाहतात तो दोन्ही खांदे अगदी सारखे झालेले. म्हणजे आता उजवाही कानाला लागला होता. मान सरळ झाली खरी, पण आता ती कुठल्याच बाजूला वळेना. न्हाव्याच्या मते ही सुधारणा होती.

संध्याकाळी तळमजल्यावरचे मास्तर स्वतःहून वर आले. हे एका शाळेत तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर आवाज तेवढा शिल्लक राहिलेला. त्यांचं निदान साफ होतं. माणसाला चिंता लागली की अंग आपोआप आवळतं, आणि आवळलेलं अंग ‘सैल हो’ म्हणून सैल होत नाही. त्याला आधी आणखी आवळायचं आणि मग एकदम सोडायचं, की त्याला फरक कळतो. पायाच्या बोटांपासून सुरुवात करून डोक्यापर्यंत जायचं. यात तथ्य होतं. भिंगवाल्यांनाही ते पटलं, कारण त्यात क्रम होता.

जिन्याच्या रुंद वळणावर कवायत सुरू झाली. मास्तर ‘आवळा’ म्हणाले की आवळायचं, पाच आकडे झाले की मास्तर ‘सोडा’ म्हणणार, मग सोडायचं. पायाची बोटं झाली. पोटऱ्या झाल्या. मांड्या झाल्या. वरच्या काकू आणि त्यांचे यजमान अबोला तात्पुरता बाजूला ठेवून येऊन उभे राहिले आणि तेही आवळू-सोडू लागले. मास्तर रंगात आले. ‘सगळं अंग एकदम आवळा’ असा त्यांनी हुकूम सोडला, आणि तेवढ्यात खालून पोस्टमन आला. त्यानं मास्तरांना सहज विचारलं, गुडघा कसा आहे. गुडघ्याचं नाव काढल्यावर मास्तरांना जगाचं भान राहत नसे. ते पहिल्या डॉक्टरपासून सुरू झाले. काका-काकूंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि गुपचूप सोडून दिलं. पण भिंगवाले नियमाचे पक्के. ‘सोडा’ म्हटल्याशिवाय सोडायचं नाही, असं ठरलं होतं. मास्तर दुसऱ्या डॉक्टरपर्यंत आले तेव्हा भिंगवाल्यांचा चेहरा जांभळा झाला होता. तिसऱ्या डॉक्टरनं मास्तरांना गुडघ्यावर पट्टी बांधायला सांगितली, आणि इकडे भिंगवाल्यांच्या डाव्या पोटरीत असा गोळा आला की ते काकूंच्या कुंड्यांवर आडवे झाले. पडतानासुद्धा त्यांनी दात-ओठ आवळूनच ठेवले होते, असं काकू नंतर चार ठिकाणी सांगत होत्या.

बुधवारी ते मानेला पट्टा बांधून, लंगडत बँकेत गेले. घरी त्यांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर सराव केला होता. एकेक सही ते डोळ्यांत तेल घालून करत, आणि जितकी काळजीनं करत तितकी ती दुसऱ्याचीच होत जाई. लेक दुसरी प्रत घेऊन आली होती. या वेळी तिनं कागद ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. मानेच्या पट्ट्यामुळे भिंगवाल्यांना खालचा कागद दिसेना, म्हणून शिष्येनं तो फायलीवर ठेवून त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी श्वास रोखला आणि सही केली. शेपूट मागे वळलं होतं. पहिल्या अक्षरापर्यंत पोचलंही होतं. भिंगवाल्यांना वाटलं, जमलं.

शिष्येनं बराच वेळ भिंग हलवलं नाही. मग म्हणाली, “सर, सगळं जागच्या जागी आहे. पण ओढ नाही. कुणीतरी बसून तुमच्या सहीची नक्कल केल्यासारखी वाटते.”

एखाद्याला चोर म्हटलं तर त्याला राग येतो. स्वतःच्याच घरात शिरलेला चोर म्हटल्यावर काय यावं ते भिंगवाल्यांना कळेना. ते तडक व्यवस्थापकांच्या खोलीत गेले आणि आपली नमुन्याची सही बदलून घ्यायची आहे म्हणून सांगितलं. नवी सही कार्डावर चढली की कागद त्याच सहीशी जुळेल, गोष्ट संपली. व्यवस्थापकांना हे एकदम पसंत पडलं, कारण त्यांना कुठलीही गोष्ट संपलेलीच आवडे. त्यांनी छापील अर्ज काढला आणि शेवटची ओळ वाचून दाखवली. सही बदलण्याच्या अर्जावर जुनीच सही करायची होती, आणि ती जुळायला हवी होती. हा अर्ज कुणी तयार केला, असं भिंगवाले विचारणार होते, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं. मग अंगठ्याची गोष्ट निघाली. अंगठा चालतो, पण हात निकामी झाल्याचा वैद्यकीय दाखला लागतो. व्यवस्थापक म्हणाले, तो आणा, मी फोन करून शाळेची समजूत घालतो. उरलेली एक प्रत लेकीनं दप्तरात घातली आणि ती बापाकडे न बघता निघून गेली.

दाखल्यासाठी भिंगवाले गुरुवारी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. बाईंनी हात पाहिला, बोटं वाकवून पाहिली, मान चाचपली. म्हणाल्या, इजा कुठंच नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, की धोका आहे असं मनानं घेतलं की खांदे वर चढतात, जबडा आवळतो, श्वास वरच्या वर चालतो. मार चुकवायला माणूस अंग चोरतो ना, तसंच हे. धोका टळला की स्नायू सैल पडतात. न टळला तर बिचारे पहाऱ्यावरच उभे राहतात, आठ आठ दिवस. मग त्यांनी विचारलं, घरात काही काळजीचं चाललंय का?

“छे,” भिंगवाले म्हणाले. “उलट आनंदाचंच आहे. मुलगी शिकायला चाललीय, लांब.”

बाईंनी टेबलावरची फीत घेतली आणि कानापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजलं. मग म्हणाल्या, परत सांगा, कुठे चाललीय? भिंगवाल्यांनी बंदराचं नाव सांगितलं. बाईंनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा त्यांनी हवापाण्याबद्दल विचारलं आणि मोजलं. मग तीन आकडे कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवले. मुलीचं नाव काढलं की खांदा एक बोट वर जात होता, आणि हवेचं बोलणं निघालं की तेवढाच खाली येत होता. भिंगवाल्यांनी आकडे काळजीपूर्वक वाचले आणि फीत जुनी झाली असेल, ताणली गेली असेल, अशी शंका काढली. बाईंनी वाद घातला नाही. श्वास घेताना चार मोजा, सोडताना आठ मोजा, खांदे वर घेऊन सोडून द्या, दर तासाला जबडा सैल करा, असं सांगितलं, आणि दाखला लिहून दिला. दाखल्यात लिहिलं होतं: हात पूर्णपणे निरोगी आहे. हा दाखला बँकेत दाखवायचा म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेण्यासारखं होतं. त्यांनी तो घडी करून खिशात टाकला आणि बाहेर येऊन फुटपाथवरच श्वास सोडताना आठ मोजले. सहावर आले तेव्हा मागच्या माणसानं, पुढे चला ना साहेब, म्हणून ढोसलं.

संध्याकाळ झाली. भिंगवाले दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होते. ट्रंकेपाशी गेले की वळायचे, दारापाशी गेले की वळायचे, आणि वळताना सबंध वळायचे. बायकोनं एकदा सुचवून पाहिलं, तुम्ही तिच्याशी बोला. ते म्हणाले, काय बोलायचंय, सगळी तयारी झालेली आहे. बायको म्हणाली, तेच म्हणतेय मी. तेवढ्यात लेक खोलीतून बाहेर आली. गेले आठ दिवस तीही कुणाचं धड ऐकून घेत नव्हती, ताटावरून अर्धं टाकून उठत होती.

“सगळ्या जगाच्या सह्या तपासता तुम्ही,” ती म्हणाली, “आणि माझ्याच कागदावर तुमचा हात चालत नाही.” आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं. भिंगवाल्यांनी खांदे वर घेऊन सोडायचा प्रयत्न केला. वर घ्यायला जागाच नव्हती.

शुक्रवारी ती तीन वाजता आली. हातात शेवटची प्रत. खिडकीपुढे सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. कुरिअरवाला चारला दार ओढून घेतो, हे तिनं दोनदा सांगितलं. भिंगवाल्यांनी पट्टा काढून ठेवला होता, पेनात नवी शाई भरली होती आणि सकाळपासून दीडशे वेळा आठ मोजले होते. त्यांनी पेन उचललं तसं शिष्येनं कागदावर हात ठेवला.

तिनं टेबलाच्या कप्प्यातून एक गठ्ठा काढला. या आठवड्यात बँकेच्या कामात सरांनी केलेल्या सगळ्या सह्या त्यात होत्या. नोंदी, पावत्या, रजेचे कागद, डाकेची पोच. सर आजारी आहेत आणि हात खरंच बिघडलाय, हे व्यवस्थापकांना पटवून द्यावं म्हणून तिनं जेवणाच्या सुट्टीत बसून एकेक भिंगाखाली घातली होती.

“एकशे बारा आहेत सर,” ती म्हणाली. “एकही चुकलेली नाही. फक्त या कागदावर चुकते.”

भिंगवाल्यांनी वरची चार-सहा पाहिली. गळ गळासारखा होता. शेपूट ऐटीत मागे जाऊन टेकलं होतं. सबंध आठवडा न्हावी, मास्तर, कुंड्या, पट्टा, फीत हे सगळं ज्या हातासाठी चाललं होतं, तो हात आपला निवांत काम करत बसला होता. त्यांना त्या हाताचा भयंकर राग आला.

“आता मला नियमाप्रमाणे विचारायला हवं,” शिष्या म्हणाली, आणि तिनं लाल पाठीची वही उघडली.

हा नियमही भिंगवाल्यांचाच. दोनदा न जुळलेली सही तिसऱ्यांदा घेण्याआधी माणसाच्या डोळ्यांत बघून एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर जसंच्या तसं लाल वहीत लिहायचं. घरची माणसं म्हाताऱ्यांना दंडाला धरून आणतात आणि नको त्या कागदावर सह्या करायला लावतात, म्हणून तो केलेला. चोवीस वर्षांत भिंगवाल्यांनी हा प्रश्न शेकडो लोकांना विचारला होता. सगळे घाईघाईनं ‘हो’ म्हणत आणि तेही ‘हो’ लिहून मोकळे होत.

“माझ्याकडे बघा सर. ही सही तुम्ही राजीखुशीनं करताय का?”

भिंगवाल्यांनी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. शिष्येचं पेन वहीवर टेकलं होतं. या वहीत त्यांनी आजवर एक खोटा शब्द लिहिला नव्हता, की लिहू दिला नव्हता. तोंड तसंच उघडं राहिलं.

“नाही,” भिंगवाले म्हणाले.

शिष्येनं ‘नाही’ लिहिलं. लेक खिडकीशी उजव्या हाताला उभी होती. मान वळत नव्हती, त्यामुळे पुढचं सगळं भिंगवाले समोर शिष्येकडे बघूनच बोलले, आणि ती बिचारी पेन धरून ऐकत राहिली. ते म्हणाले, “तू जाऊ नयेस असं वाटतं मला. चार वर्षं, आणि त्यात समुद्र. मी लोकांना हसत हसत सांगत सुटलोय, आणि गेला महिनाभर मला धड घास गिळवत नाही. ट्रंक आणली ती यासाठी, की एकदा ती आणली की मला माघार घेता येऊ नये.”

लेक काउंटरचं फळकूट उचलून आत आली. गिऱ्हाइकांना आत यायला सक्त मनाई होती, पण कुणी अडवलं नाही. ती त्यांच्या अगदी समोर, त्यांना दिसेल अशी येऊन उभी राहिली.

“मला वाटलं, तुम्हाला काहीच वाटत नाही,” ती म्हणाली. “ट्रंक काय, कुलूप काय. वाटलं, घाईच झालीय तुम्हाला.” मग म्हणाली, “मला पण भीती वाटतेय, बाबा. रोज सकाळी जबडा दुखत असतो. झोपेत दात आवळून धरते मी.”

“मग नको जाऊस,” भिंगवाले लगेच म्हणाले. एवढी आशा त्यांना सबंध आठवड्यात वाटली नव्हती.

“जाणार आहे. तुम्ही आज सही केली नाहीत तर अठरा पूर्ण झाल्यावर परत परीक्षा देईन आणि माझी मी सही करीन. पण मला तुमची हवीय.”

भिंगवाल्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्याही मानेच्या दोन्ही शिरा ताठ झाल्या होत्या, खांदे वर चढले होते. त्यांचंच पोर ते. इतके दिवस समोर असून त्यांना ते दिसलं नव्हतं. घड्याळात साडेतीन होऊन गेले होते.

“परत विचार,” ते शिष्येला म्हणाले.

“वहीत ‘नाही’ लिहून झालंय, सर.”

“खाली दुसरी ओळ घाल.”

शिष्येनं ओळ आखली आणि प्रश्न पुन्हा विचारला, तोच, तितक्याच कोरडेपणानं.

“राजी आहे,” भिंगवाले म्हणाले. “खुशी नाही. तसंच लिही.”

तिनं तसंच लिहिलं. भिंगवाल्यांनी पेन उचललं आणि सही केली. शेपटाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते लेकीकडेच बघत होते. शिष्येनं कार्ड शेजारी ठेवून भिंग लावलं, आणि गुरूची म्हणून घाई केली नाही. रांगेतली माणसंही आपली कामं विसरून काचेला नाक लावून उभी होती. मग तिनं ‘सही जुळते’चा शिक्का उचलला, शाईच्या गादीवर टेकवला आणि एकदाच, नीट मारला.

लेकीनं कागद घेतला. बापाच्या गळ्यात हात टाकले, आणि त्यांना काही सुचायच्या आत सोडलेही, कारण चारला दहा मिनिटं होती. फळकूट खाली आपटल्याचा आवाज आला. भिंगवाल्यांनी श्वास सोडला, या खेपेस न मोजता, आणि खांदे आपले आपण खाली आले. त्यांनी उजवीकडे पाहिलं. मान सहज वळली, पार दारापर्यंत. दार अजून हलत होतं, पण लेक केव्हाच रस्ता ओलांडून गेली होती, आणि ते तसेच, मान वळवून, बराच वेळ बघत राहिले.